चाकं असलेलं ओझं

बांधून न्यायची ओझी दोन जातींची असतात. पहिल्या जातीला कुठे जायची हौस नसते. गव्हाची पोती, लोखंडी कपाट, आजोबांचा पलंग. ट्रकमध्ये ठेवाल तिथे बसतात, वाटेत फार तर एखाद्या कोपऱ्याचा टवका उडवून घेतात. दुसऱ्या जातीला चाकं असतात. मोटार ही मुळात निघून जाण्यासाठीच घडवलेली वस्तू. तिच्यातली बेअरिंगं, ग्रीस, टायरमधली हवा, सगळ्यांचं ध्येय एकच: जरा निमित्त मिळालं की पुढे सरकायचं. अशा वस्तूला दुसऱ्या चालत्या वस्तूच्या पाठीवर चढवायचं, 'आता पुण्यापर्यंत इंचभर हलायचं नाही' अशी तंबी द्यायची आणि मध्ये कुंभार्ली घाट घालायचा. बेत ऐकायला सोपा वाटतो. करायला घेतला की त्यात भौतिकशास्त्र, दोर, फणस आणि कोकण व घाट यांचे परस्परसंबंध असे नाना विषय निघतात.

काकांची पद्मिनी चिपळूणजवळच्या आमच्या गावी खोपीत उभी होती. चारही टायर बसले होते, तेव्हा 'बसली होती' म्हटलं तरी चालेल. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून जी गाडी निघू लागली, तिलाच पुढे सत्तरच्या दशकात चितोडच्या राणीचं नाव मिळालं. शतक संपता संपता ती निघायची थांबली. पण मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती राबत राहिली, ती थेट २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत. शेवटची टॅक्सीही निवृत्त झाल्याची बातमी आली आणि काकांना एकदम साक्षात्कार झाला, की आपल्या खोपीत पुरातत्त्व आहे. तोपर्यंत त्या पुरातत्त्वाच्या बॉनेटवर काकू आमसुलं वाळवत असे. दुसऱ्या दिवसापासून बंदी आली. पुण्यात फक्त जुन्या फियाट दुरुस्त करणारा कुणी मेकॅनिक असल्याचं काकांनी कुठूनसं शोधून काढलं आणि गाडी तिकडे पोचवायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

चालवत नेण्याचा प्रश्न नव्हता. इंजिनापेक्षा ब्रेकची शाश्वती कमी होती. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या नानांनी टोचन सुचवलं, म्हणजे पुढच्या गाडीला दोर बांधून ओढत नेणं. ब्रेक नसलेली गाडी टोचनवर उतारावर काय करते, हे त्यांनी स्वतःच उत्साहाने सांगितलं. ती पुढच्या गाडीला मागून गाठते, आणि मग कोण कुणाला नेतंय याचा उलगडा वळणावर होतो. इतकं सांगून झाल्यावर आपण नेमकं काय सुचवत होतो ते नानांच्या लक्षात आलं असावं. ते पान लावायला बसले.

म्हणून कऱ्हाडहून रिकव्हरीची गाडी मागवली. ट्रकच, पण पाठ सपाट आणि सरकणारी. हायड्रॉलिकवर ती मागे सरकते, तिरपी होऊन जमिनीला टेकते आणि विंचच्या तारेने मोटार तिच्यावर ओढून घेतात. ड्रायव्हर घाटावरचा, मिशाळ, कमी बोलणारा. सोबत एक पोरगेला क्लीनर, तो तर अजिबातच न बोलणारा. आमच्या अंगणात तोवर गाव जमलं होतं. नुसतं बघायला कोकणात कुणी जमत नाही. प्रत्येक जण मत घेऊन येतो आणि ते दिल्याशिवाय परत जात नाही.

विंचने ओढताना गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि स्टिअरिंग धरायला आत कुणीतरी हवं. हा मान मला मिळाला. ब्रेक नाही, इंजिन नाही, पुढे काचेवर सात पावसाळ्यांची बुरशी, आणि मी गंभीर चेहऱ्याने स्टिअरिंग धरून आकाशाच्या दिशेने चढतो आहे. बाहेरून सूचना येत होत्या. "डावीकडे घे!" "अरे तुझी डावी नव्हे, गाडीची!" माझी आणि गाडीची डावी वेगवेगळी कशी, हे विचारायला वेळ नव्हता. टायरमध्ये ड्रायव्हरने आधीच पंपाने हवा भरली होती. ते मला उगाच केलेलं सौजन्य वाटलं होतं. त्यामागचं गणित त्याने नंतर सांगितलं: मऊ टायर वाटेत आणखी बसतो, आणि जितका तो बसतो तितका त्याच्यावरून घेतलेला पट्टा सैल पडतो.

गाडी वर पोचली. तोंड पुढे, म्हणजे इंजिनाचं वजन केबिनकडे. मागे वेगळा ट्रेलर जोडलेला असता तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरली असती. वजन ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेलं की वेग वाढताच ट्रेलर डुलायला लागतो, आणि एकदा डुलायला लागला की ओढणाऱ्या गाडीलाही नाचवतो. गाडी जागेवर आल्यावर मी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला. क्लीनरने चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके ठोकले. मला वाटलं, झालं. विंचची तार तर लागलेलीच होती.

"तारेचं काम वडायचं," ड्रायव्हर म्हणाला. "बांदायचं न्हवं." आणि त्याने तार सैल करून टाकली.

आता शेजारचे अण्णा पुढे झाले. अण्णांचं तारुण्य दाभोळच्या खाडीत होड्यांवर गेलं. हातात काथ्याचा जाड दोर घेऊनच ते आले होते. त्यांच्या मते गाडी बांधायची गरजच नव्हती, पण बांधायचीच असेल तर ती अशा पट्ट्याबिट्ट्यांनी बांधणं म्हणजे दोराचा अपमान होता.

"दाभोळ-धोपाव्याला फेरीबोटीत रोज गाड्या जातात. कोण बांधतं त्यांना? हँडब्रेक, गिअर, खलास!"

"बोटीला घाट नसतोय, आन्ना."

"पाण्याला लाटा असतात."

"त्यो समुंदर हाय का? खाडी हाय ती."

दाभोळच्या खाडीला घाटावरच्या माणसाने 'खाडी हाय ती' म्हणणं हे अंगणाला लागलं. वातावरण तापू नये म्हणून नानांनी रेल्वे मध्ये घातली. कोकण रेल्वेने १९९९ पासून कोलाडहून मालाने भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात केली. ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्येच बसून जातात. २०२५ च्या गणपतीत तशीच सोय मोटारींसाठी निघाली, कोलाड ते गोव्यात वेर्णा, गाडीमागे ७,८७५ रुपये. पण ट्रकवाले आपल्या ट्रकमध्ये बसून जातात आणि मोटारवाल्यांना मात्र उतरून मागच्या डब्यात बसावं लागतं, हे नानांना खटकत होतं. "स्वतःची गाडी पुढे चाललीय, आणि आपण तिकीट काढून तिच्या मागे! म्हणजे नवरीच्या वरातीत नवरा बसने." आमची गाडी कोलाडला जाणार नव्हती, वेर्ण्यालाही नाही. पण घाव बसलेल्या दाभोळवरून चर्चा सरकली एवढं खरं.

तोपर्यंत ड्रायव्हरने पट्टे काढले होते. दोन इंच रुंद, पिवळे, पॉलिएस्टरचे, एका टोकाला हुक आणि मध्ये दातेरी चाकाचा खटका. मी वाचून आलो होतो, आणि वाचून आलेला माणूस अशा प्रसंगी गप्प बसत नाही. अमेरिकेत ट्रकवाल्यांसाठी याचे काटेकोर नियम आहेत. ओझं असं बांधायचं, की करकचून ब्रेक लागला तर त्याच्या वजनाच्या आठ दशांश एवढा जोर पुढच्या दिशेने आला तरी ते सुटू नये. मागे आणि बाजूंना निम्म्या वजनाइतका. पद्मिनी नऊशे किलोंच्या आसपास, म्हणजे एकदा ब्रेक मारला की सातशेवर किलोंचा रेटा केबिनकडे निघाला. केबिनमध्ये मी बसणार असल्याने हा आकडा मला विशेष जिव्हाळ्याचा होता. असा एक पट्टा तुटायला साडेचार टन लागतात आणि वापरायचा मात्र दीड टनापर्यंतच, हेही मी सांगितलं.

"मग उरलेले तीन टन कुठे गेले?" अण्णांनी विचारलं.

"खड्ड्यात," ड्रायव्हर म्हणाला. त्या दिवशीचं हे त्याचं सर्वांत शास्त्रशुद्ध उत्तर. खड्ड्यातून गाडी उसळते तेव्हा पट्ट्याला जो हिसका बसतो तो वजनकाट्यावर कळत नाही. उरलेली ताकद त्यासाठीच राखून ठेवलेली असते.

नाना म्हणाले, "अमेरिकेत कुंभार्ली घाट आहे का?" यावर नियमावलीत काही नव्हतं.

खरी वादावादी पट्टा कुठे अडकवायचा यावर झाली. काकांना वाटत होतं बंपरला. केवढा जाड, चकचकीत, पद्मिनीचा बंपर तो! ड्रायव्हरने बंपरला बोटाने टिचकी मारली आणि पुढच्या कुठल्याही बोलण्यात बंपरचा उल्लेख केला नाही. नानांचं मत होतं, चासीला बांधून अशी आवळायची की स्प्रिंगा दबून गाडी खाली बसली पाहिजे. हे मलाही पटत होतं. बांधणं म्हणजे आवळणं, ही आपली घरातली शिकवण. ट्रंकेला दोरी, गादीला दोरी, मुलाच्या पाटीला दोरी, आणि प्रत्येक वेळी घरातला एक मोठा माणूस गुडघा रोवून 'अजून ओढ' म्हणणारा.

ड्रायव्हर पहिल्यांदाच सलग बोलला. "गाडीला स्प्रिंगा असत्यात का न्हाई? वरची बॉडी दाबून बांदली तर खड्ड्यात ती आणिक दबती. दबली की पट्टा ढिला. ढिला पडला की हुक उडतोय. चाक बांदा. चाक लाकडाला घट्ट, वरची गाडी नाचू दे की निवांत. तिला नाचायची सवय हाय."

त्याने चाकांवरून पट्टे घेतले, टायरच्या पाठीवरून, पुढून आणि मागून, आणि मग मागच्या बाजूला एकमेकांना छेदणारे आणखी दोन आसाला, म्हणजे बाजूच्या हिसक्यानेही शेपूट फिरायला नको. खटका कट्कट् करत आवळत गेला. काका प्रत्येक कट्‌ला डोळे मिटत होते. एका ठराविक जागी ड्रायव्हर थांबला. अजून दोन कट् बसले असते. सगळं अंगण "अजून दोन, अजून दोन" म्हणत होतं. तो थांबलेलाच. आवळायचं कुठे थांबवावं हे कळणारा माणूस मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला आहे. हा मूळचा उसाच्या ट्रॉलीवरचा. उसाची मोळी वाढ्याने बांधतात. जास्त पिळलं की वाढं तुटतं, कमी पिळलं की मोळी रस्त्यावर. मोजमाप हातात.

पण अण्णांचा दोर राहिला होता. अण्णा काहीच बोलत नव्हते, नुसते दोर कुरवाळत होते, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. काका अस्वस्थ झाले, नाना अस्वस्थ झाले. ड्रायव्हरने एकवार अंगणाकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाला, "बांदू द्या एक. भार सगळा पट्ट्यावर हाय." मोठ्याने म्हणाला, "आन्ना, मागच्या आसाला तुमचा बी दोर पायजे बरं का. पट्ट्याचा काय भरवसा?"

अण्णा वर चढले ते तांडेलाच्या रुबाबात. आसाच्या अंगाने ब्रेकची बारीक नळी जाते. ती दोराखाली चेपली असती. क्लीनरने न बोलता अण्णांचा हात दोन बोटं डावीकडे सरकवला. अण्णांनी वेढे घेतले, एक शेंडी आतून काढली, दुसरी बाहेरून, कसली तरी होडीची गाठ मारली आणि हात झटकले. "ही भरतीला घट्ट होते, ओहोटीला सुटते." कऱ्हाड-पुणे रस्त्यावर ओहोटी कुठल्या गावाला लागते, ते विचारायचं मी टाळलं.

आता निघणार, तोच काकू डिकी उघडून उभी. नारळ, कोकमाच्या बाटल्या, पोह्यांचा डबा, आणि तीन फणस. गाडी रिकामी पाठवायची नाही हा काकूचा नियम, मग ती गाडी दुसऱ्या गाडीवर का असेना. ड्रायव्हर म्हणाला, "काकी, हे बी बांदायला लागंल."

"फणस काय पळून जातोय?"

"गोल हाय ना त्यो."

"गोल असला तरी जड आहे. बसेल."

मी पट्टे दाखवून सातशे किलोंचं गणित पुन्हा मांडायला घेतलं. काकूने डिकी लावून टाकली. वजनाच्या आठ दशांशचा नियम फणसालाही लागू आहे, तो फळ पाहून सवलत देत नाही, हे मला अजूनही कुणालातरी लिहून पाठवावंसं वाटतं.

पोफळी मागे पडली आणि घाट लागला. चढावर पद्मिनीचा सगळा ओढा मागे. पुढचे पट्टे ताठ. मी मान वळवून मागच्या काचेतून तिच्याकडे बघत होतो. ती वळणावळणाला हलकेच डावी-उजवी झुलत होती, चाकं मात्र जागच्या जागी. नाचायची सवय म्हणतात ती ही. घाटाच्या मध्यावर मागून घणघणीत आवाज आला. धडाम. पुढच्या वळणावर पुन्हा, उलट्या बाजूने. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. मी आस तुटलेला, पट्टा उडालेला, पद्मिनी दरीत गेलेली, असं सगळं एका दमात पाहून घेतलं. ड्रायव्हर खाली उतरला, पट्टे चाचपले, डिकीपाशी गेला, वास घेतला आणि परत आला.

"बरका हाय," तो म्हणाला.

काप्या फणसाने निदान नुसते आवाज काढले असते. बरका पिकलेला, आणि तो नारळांमध्ये लोळून घाटाच्या चढावर फुटलेला. पुढे पुण्यापर्यंत ट्रक जिथे थांबेल तिथे माश्या आणि माणसं दोन्ही डिकीपाशी गोळा होत. एका टपरीवर तर एकाने भावही विचारला.

हेळवाकला, घाट चढून झाल्यावर, त्याने पुन्हा सगळे पट्टे तपासले. माझ्या अमेरिकन नियमात पहिल्या पन्नास मैलांच्या आत, म्हणजे साधारण ८० किलोमीटरांत, एकदा तपासून घ्या असं म्हटलेलं आहे. त्याने ते न वाचता त्याआधीच केलं. मागचा डावा पट्टा दोन खटक्यांनी सैल निघाला. अंगणाने मागितलेले दोन कट् इथे लागले. अंगण फक्त वेळेत चुकलं होतं.

कऱ्हाडनंतर महामार्गावर वेग आला आणि मागून एक सूर ऐकू येऊ लागला. बारीक, लांब, अखंड. ड्रायव्हरने हा आवाज ओळखला होता. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि गुणगुणायला लागतो. त्यातून कापडही झिजतं. त्याने थांबून प्रत्येक लांब पट्ट्याला अर्धा पीळ दिला. सूर बंद. पट्टा सपाट ठेवायचा ही शाळेतल्या स्काउटची शिस्त माझ्या मनात इतकी पक्की होती, की पिळलेले पट्टे बघून मला उगाच अस्वस्थ वाटत राहिलं, थेट खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत.

पुण्यात मेकॅनिकच्या शेडमध्ये पट्टे दोन मिनिटांत सुटले. खटका उचलला की मोकळे. अण्णांची गाठ मात्र सुटेना. घाटात हिसके बसून बसून ती भरतीच्या बाजूला पक्की गेली होती. क्लीनरने प्रयत्न केला, ड्रायव्हरने केला. मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हर घातला, तो वाकला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे जाळायची सोय नव्हती, वर पेट्रोलची टाकी होती. शेवटी त्याने करवत आणली.

तेवढ्यात काकूचा फोन. गाडी पोचली का विचारायला असेल म्हणून मी उचलला.

"तो दोर कापलात तर बघा. माझ्या विहिरीचा राजू आहे तो. अण्णा माझ्याच रहाटावरून उचलून घेऊन गेले मेले, आणि इथे मी सकाळपासून शेजारून पाणी भरतेय!"

मग अण्णांनाच फोनवर घेतलं, चित्रासकट. मेकॅनिकने मोबाइल आसाखाली धरला. "ती शेंडी नव्हे, दुसरी. आत ढकल. ओढू नको, ढकल! भरतीत ओढतात का कधी?" शेडमधली तिन्ही पोरं पोटावर झोपून खाडीचं ज्ञान घेत होती. गाठ सुटली तेव्हा अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "घाटात हलली का?" ड्रायव्हर मागून ओरडला, "जरा बी न्हाई, आन्ना. तुमच्या दोरामुळं." आणि माझ्याकडून भाडं मोजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी राजू परत पाठवायला स्वारगेटला गेलो. पार्सलच्या खिडकीवरच्या माणसाने माझ्या खांद्यावरचं वेटोळं बघितलं आणि मान हलवली.

"असं चालायचं नाही. बांधून आणा."

"अहो, हा दोरच आहे."

"तेच म्हणतोय. सुटला तर?"